इंजिनाची तहान : रेडिएटर, वालचंदनगर आणि बारामती

१/ स्पोर्ट्स कारचा रेडिएटर काढून नवा बसवणे हे आज गॅरेजमधले एक साधे काम मानले जाते. परंतु ‘दुरुस्त करावा की बदलावा’ या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे दोन धागे पुणे जिल्ह्यात, इंदापूर व बारामती तालुक्यांत येऊन मिळतात. #थ्रेड

२/ इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात जाते. प्रारंभीच्या मोटारींत हे पाणी सरळ उकळून वाफ होऊन जाई. १८८८ मध्ये बर्था बेन्झ मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाल्या, तेव्हा त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले होते.

३/ यावर निर्णायक उपाय काढला तो डाइमलर कंपनीतील विल्हेल्म मायबाख यांनी. ‘मर्सिडीज ३५ एचपी’ या गाडीसाठी त्यांनी ६ × ६ मिलिमीटर छेदाच्या ८,०७० नळ्या एकत्र जोडून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. नळ्यांतून वारा वाहे आणि त्यांच्यामधल्या बारीक फटींतून पाणी. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले.

४/ आधुनिक वेगवान मोटारीचा आरंभ अनेक इतिहासकार याच गाडीपासून मानतात. मात्र या यशाबरोबर एक उणीवही जन्माला आली. हजारो सांध्यांपैकी एक सुटला तरी पाणी गळणार. रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर ही नवी गरज त्यातून निर्माण झाली.

५/ आता इंदापूर तालुका. नीरा नदीच्या खोऱ्यातील कळंब परिसरात १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी ऊसमळे आणि साखर कारखाना उभारला. तेच वालचंदनगर. साखर कारखान्यातही प्रश्न तोच असतो. कंडेन्सरमधून आलेले गरम पाणी हौदावर कारंज्यांनी उडवून निववायचे आणि पुन्हा वापरायचे.

६/ याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकी क्रायस्लर समूहाच्या गाड्यांची जुळणी झाली, आणि १९५० च्या दशकात इटलीची फियाट ११०० आली. पुढे तिचीच भारतीय आवृत्ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी पोहोचली.

७/ या फियाटला युरोपात वेगाचा वारसा होता. १९५३ मध्ये तिची ‘तुरिस्मो वेलोचे’ ही अधिक शक्तिमान आवृत्ती निघाली होती. भारतात मात्र तिची ओळख कुटुंबाची गाडी आणि टॅक्सी अशीच राहिली. घाटात ‘गाडी गरम झाली’ म्हणून बॉनेट उघडून थांबलेली फियाट हे त्या काळातले परिचित दृश्य होते.

८/ त्या पिढीतील गाड्यांचा रेडिएटर काढणे तुलनेने सोपे. इंजिन पूर्ण निवू द्यायचे, तळाचा नळ उघडून पाणी काढायचे, वरचा व खालचा होज सोडायचा, बोल्ट काढून रेडिएटर उचलायचा. तो तांब्या-पितळेचा असे. म्हणून मिस्त्री गळती शोधून कथिलाचा डाग देई, नळ्यांतला गाळ काढी आणि तोच रेडिएटर परत बसवी.

९/ गाळ येई कुठून? नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या भागात ऊस आला, पण अतिपाण्याने जमिनी खारवटही झाल्या. १९१० मध्ये हॅरल्ड मान आणि तांबे नव्हे, तर तम्हाणे या जोडीने नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये घातले की तापून नळ्यांत थर जमतो. शेताचा आणि इंजिनाचा शत्रू एकच.

१०/ स्पोर्ट्स कारमध्ये गुंतागुंत वाढली. पोर्शे ९११ तीन दशकांहून अधिक काळ हवेने थंड होत असे. १९९७ मध्ये आलेल्या नव्या पिढीत तिने पाणी स्वीकारले. इंजिन मागे, रेडिएटर पुढच्या चाकांसमोर, आणि मधे गाडीभर लांब नळ्या. रेडिएटर बदलायचा तर आधी पुढचा बंपर उतरवावा लागतो.

११/ खरी कसोटी मात्र नवा रेडिएटर बसवल्यावर लागते. कूलंट भरताना नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकला, तर तिथे पाणी फिरत नाही, सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जाते. म्हणून हवा काढून टाकण्याचे काम संयमानेच करावे लागते. आणि गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडायचे नाही. आत दाबाखाली असलेले पाणी उसळून अंग भाजते.

१२/ दरम्यान धातूही बदलला. ॲल्युमिनियमची जाळी आणि तिला दाबून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या. वजन घटले, किंमतही घटली. पण प्लॅस्टिकला तडा गेला तर कथिलाचा डाग निरुपयोगी. दुरुस्तीची जागा बदलीने घेतली, आणि डाग देणाऱ्या हाताचे काम ओसरत गेले.

१३/ आता बारामती. येथील पियाजिओच्या कारखान्यातून २०१२ पासून व्हेस्पा बाहेर पडू लागली. तिला रेडिएटर नाही, पंख्याची हवा पुरते. त्याच बारामतीत आज एप्रिलिया आरएस ४५७ ही स्पोर्ट्स मोटरसायकल तयार होते. ४५७ सीसी, दोन सिलिंडर, आणि त्यांना थंड ठेवणारा रेडिएटर.

१४/ शेवटी दोन तारखा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. डिसेंबर २०२३ मध्ये आरएस ४५७ भारतात विक्रीस आली. इंदापुरात साखर कारखाना उभारणाऱ्या उद्योजकाच्या कंपनीची गाडी गेली, आणि शेजारच्या तालुक्यात घडलेले वेगवान यंत्र आले. मधल्या काळात रेडिएटर हलका झाला, कार्यक्षम झाला. फक्त तो दुरुस्त करता येतो, ही समजूत मागे पडली.