राष्ट्राध्यक्षांची माफी आणि लष्करी अधिकाऱ्यांची जबाबदारी

राष्ट्रप्रमुखाने एकदा माफी दिली की प्रकरण कायमचे मिटले, असा सर्वसाधारण समज आहे. चोरी, फसवणूक किंवा रागाच्या भरात झालेला खून अशा प्रकरणांत तो बहुतांशी खराही ठरतो. मात्र गुन्हा गणवेशातील अधिकाऱ्याने आणि तोही शासनयंत्रणा हाताशी धरून केलेला असेल, तर माफीचे कवच अभेद्य राहते का, हा प्रश्न गेली काही दशके जगातील न्यायालयांपुढे पुन्हा पुन्हा आला आहे. त्याचे सर्वांत सविस्तर आणि सर्वांत वादग्रस्त उत्तर अर्जेंटिनाने दिले. ते मिळायला सतरा वर्षे लागली.

अर्जेंटिनात २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली. भूदलाचे होर्हे राफाएल विदेला, नौदलाचे एमिलिओ मासेरा आणि हवाई दलाचे ओर्लांदो अगोस्ती या तिघांचे मंडळ देशाचा कारभार पाहू लागले. १९८३च्या डिसेंबरपर्यंत टिकलेल्या या राजवटीत विद्यार्थी, कामगार पुढारी, पत्रकार, वकील आणि त्यांचे नातलग घरातून, रस्त्यातून उचलले गेले. गुप्त छावण्यांत त्यांचा छळ झाला आणि बहुतेकांचा पुढे पत्ताच लागला नाही. लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने १९८४ मध्ये सुमारे ९ हजार बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३० हजार सांगतात.

सत्ता सोडण्यापूर्वी सेनापतींनी स्वतःच स्वतःला अभय देणारा कायदा करून ठेवला होता. लोकनियुक्त अध्यक्ष राऊल अल्फोन्सिन यांच्या काळातील संसदेने तो डिसेंबर १९८३ मध्येच रद्द केला. खटला प्रथम लष्कराच्या सर्वोच्च न्यायमंडळाकडे सोपविण्यात आला होता. पण सेनापतींच्या आदेशांत आक्षेपार्ह काही नाही, असे मत त्या मंडळाने सप्टेंबर १९८४ मध्ये कळविले. आपल्याच वरिष्ठांविरुद्ध निकाल देण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवणे भाबडेपणाचे होते, असे मागे वळून पाहता म्हणावे लागते. त्यानंतर ब्युनोस आयर्सच्या संघीय अपील न्यायालयाने खटला स्वतःकडे घेतला. सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा आणि त्यांचे तरुण सहकारी लुईस मोरेनो ओकाम्पो (हेच पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे पहिले अभियोक्ता झाले) यांनी नऊ सेनापतींवरील आरोप मांडले. ९ डिसेंबर १९८५ रोजी विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली, अन्य तिघांना कमीअधिक मुदतीच्या शिक्षा झाल्या आणि चौघे सुटले. मुलकी न्यायालयाने स्वतःच्याच देशाच्या लष्करशहांना गजाआड धाडल्याचे उदाहरण तोवर विरळाच होते.

माघार

यानंतर सुरू झाली ती माघार. खालच्या अधिकाऱ्यांविरुद्ध शेकडो तक्रारी दाखल होऊ लागताच बराकींत अस्वस्थता पसरली. डिसेंबर १९८६ मध्ये संसदेने 'पूर्णविराम' कायदा करून नव्या आरोपांसाठी साठ दिवसांची मुदत घातली. न्यायाधीशांनी सुट्ट्या रद्द करून त्या मुदतीत आरोप नोंदविले, त्यामुळे कायद्याचा हेतू फसला. १९८७च्या ईस्टरमध्ये लेफ्टनंट कर्नल आल्दो रिको यांच्या नेतृत्वाखाली लष्करी तळावर बंड झाले आणि जूनमध्ये 'कर्तव्यपूर्वक आज्ञापालन' कायदा आला. कनिष्ठ व मध्यम हुद्द्याच्या अधिकाऱ्यांनी केवळ वरिष्ठांचे हुकूम पाळले, असे या कायद्याने गृहीत धरले. त्याला अपवाद मोजकेच होते. बलात्कार, मालमत्तेचा अपहार आणि लहान मुलांचे अपहरण या गुन्ह्यांना अभय नव्हते. यातील शेवटच्या अपवादाचे मोल त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे.

अल्फोन्सिन यांच्यानंतर अध्यक्ष झालेले कार्लोस मेनेम हे स्वतः लष्करी राजवटीत तुरुंगवास भोगलेले नेते. तरीही 'राष्ट्रीय समेटा'ची भाषा बोलत त्यांनी ऑक्टोबर १९८९ मध्ये लष्करी अधिकारी, बंडखोर सैनिक आणि डावे गनिमी लढवय्ये मिळून पावणेतीनशेच्या आसपास व्यक्तींना माफी दिली. फॉकलंड युद्धातील हलगर्जीबद्दल शिक्षा झालेले जनरल गाल्तिएरी हेही त्यांत होते. डिसेंबर १९९० च्या अखेरीस दुसरी फेरी झाली आणि विदेला, मासेरा व त्यांचे सहकारी घरी परतले. जन्मठेपेची शिक्षा निकालानंतर पाच वर्षांत संपली.

माफी कशाची: शिक्षेची की गुन्ह्याची?

कायद्याच्या दृष्टीने या दोन फेऱ्यांत मोठा फरक होता आणि सारा पुढचा वाद त्यावरच उभा राहिला. विदेला यांना मिळालेली माफी ही सिद्ध झालेल्या गुन्ह्याच्या शिक्षेची माफी होती. दोषी ठरविणारा निकाल जागच्या जागी राहिला. फक्त तुरुंगाचे दार उघडले. याउलट १९८९ च्या माफीत अनेक जण असे होते की ज्यांच्यावर खटला अजून चालायचा होता. जनरल सांतियागो ओमार रिव्हेरोस हे त्यांपैकी एक. अर्जेंटिनाच्या राज्यघटनेने अध्यक्षाला 'शिक्षा' माफ करण्याचा वा सौम्य करण्याचा अधिकार दिला आहे. शिक्षाच झाली नसेल तर माफ काय करायचे, असा आक्षेप घेतला गेला. त्याच घटनेतील दुसरे कलम तर अधिक स्पष्ट आहे. प्रलंबित खटल्यात हात घालण्यास किंवा मिटलेला खटला उकरून काढण्यास ते अध्यक्षाला कोणत्याही परिस्थितीत मनाई करते. असे असतानाही सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये रिव्हेरोस यांची माफी मान्य केली. सर्व दारे बंद झाली, असे पीडितांच्या कुटुंबीयांना त्या वेळी वाटले असल्यास नवल नाही.

पहिले दार उघडले ते आजीबाईंनी. 'प्लाझा दे मायो'च्या आज्यांची संघटना १९७७ पासून आपल्या नातवंडांचा शोध घेत होती. गुप्त छावण्यांत बाळंत झालेल्या स्त्रियांची अर्भके लष्करी व पोलीस कुटुंबांना किंवा त्यांच्या परिचितांना खोट्या कागदपत्रांवर देण्यात आली होती आणि मातांना ठार मारण्यात आले होते. मुलांची चोरी हा गुन्हा ना १९८५ च्या निकालात पुरतेपणी आला होता, ना १९८७ च्या कायद्याच्या अभयात. शिवाय मूल खोट्या नावाने वाढत आहे तोवर गुन्हा चालूच आहे, असे न्यायालयांनी मानले. मग मुदतीचा प्रश्नही उरत नव्हता. ९ जून १९९८ रोजी विदेला यांना पुन्हा अटक झाली, पाठोपाठ मासेरा यांना. माफी ज्या गुन्ह्यांची होती त्यांच्यापुरतीच राहिली. ती माणसाला सर्वांगाने झाकणारे पांघरूण नव्हती, हे आठ वर्षांनी उघड झाले.

दुसरा मार्ग 'सत्यासाठी खटले' या नावाने ओळखला गेला. शिक्षा देता येत नसली तरी नातलगांचे काय झाले हे जाणण्याचा कुटुंबीयांचा हक्क अबाधित आहे, या भूमिकेतून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ला प्लातासारख्या शहरांतील न्यायालयांनी सुनावण्या घेतल्या. अधिकाऱ्यांना साक्षीला बोलाविले गेले. कोणी तुरुंगात गेले नाही, पण नोंदविलेल्या साक्षी पुढील खटल्यांत उपयोगी पडल्या.

माफीच रद्द

तिसरा मार्ग सरळ माफीवरच घाव घालणारा होता. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने १९९२ मध्येच हे कायदे व माफीचे आदेश प्रादेशिक मानवी हक्क कराराशी विसंगत असल्याचा अहवाल दिला होता. १९९४ च्या घटनादुरुस्तीने असे करार अर्जेंटिनाच्या राज्यघटनेच्या दर्जाचे झाले. मार्च २००१ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाने पेरूच्या 'बारिओस आल्तोस' प्रकरणात, गंभीर मानवी हक्कभंगाची चौकशी रोखणारे अभय कायदे निरर्थक ठरविले. त्याच महिन्यात ब्युनोस आयर्सचे न्यायाधीश गाब्रिएल काव्हालो यांनी पोलीस अधिकारी हुलिओ सिमोन यांच्या प्रकरणात दोन्ही अभय कायदे घटनाबाह्य ठरविले. या प्रकरणातील विसंगती बोलकी होती. पोब्लेते दांपत्याची तान्ही मुलगी पळविल्याबद्दल सिमोनवर खटला चालू शकत होता. तिच्या आईवडिलांना नाहीसे केल्याबद्दल नाही. २००३ मध्ये संसदेने हे कायदे रद्दबातल केले आणि १४ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

राहिली होती ती अध्यक्षांची माफी. १३ जुलै २००७ रोजी 'माझ्झेओ' नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिव्हेरोस यांना मिळालेली माफी घटनाबाह्य ठरविली. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची चौकशी करून दोषींना शासन करणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि राज्याचा कोणताही अवयव, अध्यक्षदेखील, त्यातून सुटका करून घेऊ शकत नाही, हा बहुमताचा गाभा होता.

निकाल मात्र एकमताचा नव्हता. न्यायमूर्ती कार्लोस फाइत आणि कार्मेन आर्गिबाय यांनी विरोधी मत नोंदविले. आर्गिबाय या काही लष्कराच्या चाहत्या नव्हत्या. त्याच राजवटीने त्यांना विनाआरोप तुरुंगात ठेवले होते. त्यांचा मुद्दा एवढाच होता की, याच माफीबाबत १९९० मध्ये याच न्यायालयाने अंतिम निर्णय दिलेला आहे आणि अंतिम झालेला निर्णय नंतरच्या न्यायाधीशांना पटत नाही म्हणून उलटविता येऊ नये. हा आक्षेप हलका नाही. आज नको असलेल्या माणसाविरुद्ध वापरलेले हत्यार उद्या कोणाविरुद्ध वापरले जाईल याची शाश्वती नसते. बहुमताची बाजू तरीही अधिक भक्कम वाटते ती यासाठी की रिव्हेरोस यांचा खटला कधी चाललाच नव्हता. 'एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको' हे तत्त्व पहिला खटला झालेला असेल तरच लागू होते.

विदेला व मासेरा यांच्या बाबतीत असा युक्तिवाद पुरेसा नव्हता, कारण त्यांच्यावर खटला झाला होता. तिथे प्रश्न नव्या खटल्याचा नसून १९८५ ची जन्मठेप पुन्हा जिवंत करण्याचा होता. संघीय न्यायालयाने २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये ती माफीही रद्द ठरविली. मासेरा आजारपणामुळे खटल्यास अपात्र ठरलेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचा मृत्यू झाला. विदेला यांना डिसेंबर २०१० मध्ये कोर्दोबा येथे कैद्यांच्या हत्यांबद्दल जन्मठेप आणि जुलै २०१२ मध्ये अर्भकांच्या पद्धतशीर चोरीबद्दल ५० वर्षांचा कारावास झाला. १७ मे २०१३ रोजी मार्कोस पाझच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले. रिव्हेरोस यांनाही २००९ मध्ये जन्मठेप झाली. तेव्हापासून देशभरात एक हजाराहून अधिक जण दोषी ठरले आहेत, पण उतारवयामुळे त्यांतील बहुसंख्य स्वतःच्या घरीच स्थानबद्ध राहिले.

अमेरिकेचा वेगळा मार्ग

अमेरिकेत चित्र उलटे आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८६७ मध्येच गुन्हा घडल्यानंतर केव्हाही, खटल्यापूर्वीसुद्धा, अध्यक्ष माफी देऊ शकतात असे सांगितले. नोव्हेंबर २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अफगाणिस्तानातील हत्यांच्या प्रकरणांत दोन लष्करी अधिकाऱ्यांना माफी दिली. क्लिंट लोरान्स १९ वर्षांची शिक्षा भोगत होते, तर मॅथ्यू गोल्स्टीन यांच्यावरील खून खटल्याची सुनावणी व्हायची होती. त्या गुन्ह्यांसाठी अमेरिकी लष्करी न्यायालयाचे दार बंद झाले. तरीही माफी म्हणजे निर्दोषत्व नव्हे. लष्कराने गोल्स्टीन यांना विशेष दलाचे मानचिन्ह परत देण्यास नकार दिला. लोरान्स यांना आपली दोषसिद्धीच पुसून हवी होती, म्हणून ते न्यायालयात गेले. माफी स्वीकारली म्हणजे गुन्हा कबूल केला असे होत नाही, त्यांना दाद मागता येईल, असे अपील न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. शिवाय अध्यक्षांची माफी संघराज्याच्या कायद्याखालील गुन्ह्यांपुरती असते. परक्या देशाच्या न्यायालयाला ती बांधील करीत नाही.

भारतात

भारतीय राज्यघटनेच्या ७२ व्या कलमात लष्करी न्यायालयाने, म्हणजे कोर्ट मार्शलने दिलेल्या शिक्षेचा उल्लेख अगदी आरंभीच आहे. ती शिक्षा राष्ट्रपती माफ करू शकतात. हा अधिकार वैयक्तिक नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच तो वापरावा लागतो, हे मारू राम प्रकरणात १९८० मध्ये स्पष्ट झाले. दयेच्या निर्णयामुळे न्यायालयाचा निकाल बदलत नाही, हे केहरसिंग प्रकरणात (१९८९) सांगितले गेले, तर मनमानी, दुष्ट हेतू किंवा गैरलागू कारणे दिसल्यास न्यायालय माफी तपासू शकते, असे एपुरू सुधाकर प्रकरणात २००६ मध्ये ठरले.

मुंबईकरांना या संदर्भात कमांडर कावस नानावटी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १९५९ मध्ये प्रेम आहुजा यांचा खून केल्याबद्दल नौदलाच्या या अधिकाऱ्यावर मुलकी न्यायालयात खटला चालला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविलेल्या नानावटींना उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित करून त्यांना नौदलाच्याच ताब्यात ठेवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांना असे करता येणार नाही, असा निकाल त्याच वर्षी लागला. अखेर १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. ती राष्ट्रपतींची नव्हती, राज्यपालांची होती; आणि ती टिकली. खासगी सूडातून झालेला तो एकच खून होता, शासनयंत्रणेने घडविलेला नव्हता, हा अर्जेंटिनाच्या प्रकरणांशी असलेला मूलभूत भेद होय.

शासकीय कर्तव्याच्या नावाखाली झालेल्या हत्यांबाबत भारतात माफीपर्यंत वेळच क्वचित येते. सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्यानुसार केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला उभा राहत नाही. मार्च २००० मध्ये काश्मिरातील पाथरीबल येथे पाच नागरिकांना दहशतवादी म्हणून मारल्याच्या प्रकरणी केंद्रीय अन्वेषण विभागाने लष्कराच्या पाच अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. मुलकी न्यायालय की कोर्ट मार्शल, याची निवड लष्करानेच करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१२ मध्ये सांगितले. लष्कराने स्वतःची प्रक्रिया निवडली आणि जानेवारी २०१४ मध्ये पुराव्याअभावी प्रकरण बंद केले. माफीचा अर्ज करण्याची कोणावरही वेळ आली नाही.