नेमबाजीच्या सरावासाठी कमी किमतीचं पिस्तूल : पैसे देण्याआधी काय बघायचं?

निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर. तिथल्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला रायफल प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणलं. त्याच पॅरिसमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात पदक मिळवलं. शेजारी एवढी नावं असल्यावर बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या पोरापोरींनी ‘मलाही पिस्तूल पाहिजे’ म्हटलं तर नवल नाही. पण घ्यायचं कोणतं, परवाना लागतो का आणि स्वस्तात घेतलेलं पुढे महागात पडणार नाही ना, याची माहिती एका जागी मिळत नाही. ती इथे दिली आहे.

परवाना कशाला लागतो, कशाला नाही

पिस्तूल म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी समोर येतात. पहिली म्हणजे .२२ चं पिस्तूल. त्यात दारूची काडतुसं असतात आणि कायद्याच्या दृष्टीने ते अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार त्याला परवाना लागतो. अर्जदाराचं वय २१ पूर्ण असावं लागतं, पोलिसांची चौकशी होते, हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते. जिल्ह्यात हा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालयाचा संबंध येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आणि एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात.

दुसरी म्हणजे एअर पिस्तूल. यात दारू नाही, दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा सुटतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत (म्हणजे .१७७) आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेऊन नोंद ठेवतो. मुलासाठी घ्यायचं असेल तर खरेदी आईवडिलांच्या नावावर करावी.

स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा पाच-सहा ज्यूल भरते, म्हणजे मर्यादेच्या बरीच आत. .२२ च्या पिस्तुलाची ऊर्जा शंभर ज्यूलच्या घरात जाते आणि रिकाम्या रानात त्याची गोळी किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. म्हणून नवख्याने सुरुवात एअर पिस्तुलानेच करावी. राही सरनोबतच्या २५ मीटर प्रकारात .२२ लागतं हे खरं, पण तिथे पोचण्याचा रस्ताही बहुधा १० मीटरवरूनच जातो. .२२ ची चव घ्यायची असेल तर मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व घ्यावं. क्लबच्या परवान्यावरचं हत्यार तिथल्या रेंजवर देखरेखीखाली वापरता येतं. एनसीसीच्या कॅम्पमध्ये ज्यांनी .२२ रायफल हाताळली आहे, त्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल.

चार प्रकार, चार खर्च

*स्प्रिंगचं पिस्तूल.* नळी मोडून स्प्रिंग दाबायची आणि छर्रा घालायचा. काही हजारांत मिळतं, गॅस-पंप काही लागत नाही. पण स्प्रिंग सुटताना पिस्तूल आधी मागे आणि मग पुढे झटका देतं, छर्रा नळीत असतानाच हात हलतो. डब्यावर नेम धरायला ठीक आहे, स्पर्धेच्या तयारीला नाही.

*एका पंपाचं पिस्तूल.* दर फैरीआधी दांडा एकदा दाबून हवा भरायची. झटका जवळपास नाही, फैर दर फैर जोर सारखा. जर्मनीच्या वायराउख कंपनीचं एचडब्ल्यू ४० आणि रशियाचं बैकल आयझेडएच-४६ ही या जातीतली जुनी नावं. बैकल आता जुनंच मिळतं. साठ फैरी म्हणजे साठदा दांडा, त्यामुळे हात दमतो. तरीही कमी पैशात खरं शिकायचं असेल तर हाच प्रकार सगळ्यात कामाचा.

*सीओटूचं पिस्तूल.* गॅसच्या छोट्या सिलिंडरवर चालतं. हवामान बदललं की दाब बदलतो. डिसेंबरातल्या बेळगावच्या थंड सकाळी आणि एप्रिलमधल्या निपाणीच्या दुपारी तेच पिस्तूल वेगवेगळ्या उंचीवर छर्रा टाकतं. शिवाय गॅसचा खर्च चालूच राहतो.

*दाबलेल्या हवेचं, म्हणजे पीसीपी.* सिलिंडरात साधारण २०० बारपर्यंत हवा भरायची आणि एका भरणीत बऱ्याच फैरी झाडायच्या. वॉल्थर, स्टायर, मोरिनी, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ ही स्पर्धेतली नावं याच प्रकारातली. नवं घेतलं तर लाखाच्या वर जातं, आणि हवा भरायला हातपंप किंवा मोठी टाकी वेगळी लागते.

यात न घेण्याजोगा एक प्रकार आहे. हुबेहूब पोलिसांच्या पिस्तुलासारखं दिसणारं, लोखंडी गोल छर्रे झाडणारं सीओटू पिस्तूल ऑनलाइन दिसतं आणि स्वस्तही असतं. त्याची नळी आतून गुळगुळीत असते, त्यामुळे दहा मीटरवर नेम पक्का बसत नाही. लोखंडी छर्रा कठीण पृष्ठभागावरून उसळून डोळ्याला लागू शकतो. आणि बसमध्ये किंवा रस्त्यावर कोणी ते खरं समजलं, तर होणारा गोंधळ वेगळाच.

हातात घेऊन काय तपासायचं

स्पर्धेच्या नियमांत एअर पिस्तुलाचं वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही. बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. हे एका हाताने, हात सरळ ताणून धरायचं असतं. खरेदीआधी घरी एक लिटरची भरलेली बाटली तशीच तीस सेकंद धरून बघावी. हात थरथरत असेल तर आधी महिनाभर व्यायाम, मग खरेदी.

ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. तपासणी सोपी आहे. रिकाम्या पिस्तुलाची नळी वर धरून ट्रिगरला अर्धा किलोचं वजन अडकवायचं आणि उचलायचं. ट्रिगर सुटला नाही तर नियमात बसला. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन आणि एक सुतळी एवढ्यात काम होतं. त्याहून हलका ट्रिगर ‘छान लागतो’ म्हणून घेतला, तर स्पर्धेच्या तपासणीत तो बाद होतो.

नेम धरायला फक्त उघडी साइट चालते. दुर्बीण किंवा लेझर चालत नाही. मागची साइट डावी-उजवी आणि वर-खाली फिरली पाहिजे, दर खटक्याला छर्रा किती सरकतो ते कळलं पाहिजे. मूठ तळहातात घट्ट बसावी, पण आवळावी लागू नये. डावखुऱ्यांसाठी मूठ वेगळी येते, हे आधीच विचारून घ्यावं. मूठ थोडी मोठी असेल तर कानशीने घासता येते, लहान असेल तर लाकडाच्या लांबीने भरता येते.

जुनं घेताना तारीख बघाच

स्वस्तात चांगलं पीसीपी पिस्तूल मिळायचं तर बहुधा जुनंच मिळतं. मोठा खेळाडू नवं घेतो, जुनं विकायला काढतो. इथे एकच गोष्ट फसवते, ती म्हणजे सिलिंडर. त्यावर उत्पादनाची किंवा मुदतीची तारीख कोरलेली असते आणि मुदत साधारणपणे दहा वर्षांची. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही, आणि जास्त दाबाची हवा त्यात भरणं जिवावरचं काम आहे. चाळीस हजारांत मिळालेल्या पिस्तुलाला नवा सिलिंडर लागला, तर हिशेबच बदलतो.

तारखेनंतर हवा गळते का ते बघावं. सिलिंडर भरून दाबाचा काटा लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा. काटा बराच उतरला असेल तर आतल्या रबरी रिंगा गेल्या आहेत. रिंगा स्वस्त, पण बदलणारा माणूस जवळपास मिळतो का, ते विचारून घ्यावं. बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत मागावी. बिल नाही, नंबर घासलेला आहे, ‘शिकारीलाही चालतं’ अशी जाहिरात आहे, असं काही दिसलं तर परत फिरावं. गावठी कट्टा तर कुणी फुकट दिला तरी हात लावू नये. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणं म्हणजे तुरुंगवासाला आमंत्रण, आणि नेमबाजीचं करिअर तिथेच संपतं.

छर्रे आणि दर आठवड्याचा हिशेब

कागदी लक्ष्यासाठी सपाट तोंडाचे छर्रे घ्यावेत. ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण मोजायला सोपे जातात. टोकदार छर्ऱ्यांनी कागद फाटतो. स्पर्धेत ६० फैरी असतात. आठवड्यातून तीन दिवस साठ-साठ आणि सुरुवातीच्या चाचणी फैरी धरल्या, तर आठवड्याला दोनशे-अडीचशे छर्रे लागतात. पाचशेचा डबा दोन आठवड्यांत संपतो. पिस्तुलाचे पैसे एकदाच जातात, डब्याचे दर पंधरवड्याला. खरेदीआधी वर्षभराच्या डब्यांचा हिशेब मांडला तर पिस्तुलाला किती खर्च करायचा ते आपोआप ठरतं.

छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये, डबा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

घरातली रेंज

सरळ दहा मीटर जागा मिळाली की झालं. निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारी लांबलचक आहेत, बेळगावच्या जुन्या घरांतले बोळही पुरतात. लक्ष्याचा मधला बिंदू जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असावा. दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं असतं. लक्ष्यामागे छर्रे अडवणारी तिरक्या पत्र्याची पेटी लागते. दगडी भिंत, फरशी किंवा कठीण लाकूड मागे ठेवल्यास छर्रा उलट येतो. फैर झाडण्याच्या दिशेला दार, खिडकी, वाट नसावी. गच्चीवर सराव कधीच नको. सगळ्यांनी डोळ्यांना चष्मा लावावा.

पक्षी, खारी, माकडं यांच्यावर एअरगन चालवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. परवाना नसलेलं पिस्तूल म्हणजे मोकळं रान नव्हे.

सीमा ओलांडताना

निपाणीचा मुलगा सरावाला कोल्हापूरला जातो, पण कागदपत्रं कर्नाटकची, असं चित्र या पट्ट्यात सहज होतं. प्रवासात पिस्तूल रिकामं, पेटीत कुलूपबंद, छर्रे वेगळ्या पिशवीत, सोबत बिल, ओळखपत्र आणि क्लबचं कार्ड असावं. कोगनोळी नाक्यावर किंवा निवडणुकीच्या तपासणीत पेटी उघडायला सांगितली, तर आधी तोंडाने सांगावं, मग उघडावी. सांबऱ्याहून विमानाने जायचं असेल तर पिस्तूल केबिनमध्ये नेता येत नाही. विमान कंपनीला आधी कळवून ते चेक-इन सामानात द्यावं लागतं.

स्पर्धा खेळायची असेल तर राज्याची निवडही सुरुवातीलाच करावी. खेळाडू एका राज्य संघटनेकडून खेळतो. सराव कोल्हापुरात आणि नोंदणी कर्नाटकात असू शकते, पण दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. राज्य पातळीवरून पुढे जाणाऱ्यांना जी. व्ही. मावळंकर स्पर्धेचं नाव लवकरच ऐकू येतं. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची ती पायरी त्यांच्याच नावाने आहे.

थोडक्यात

पहिले दोन-तीन महिने क्लबचं पिस्तूल वापरावं. आवड टिकली तर एका पंपाचं घ्यावं. गुण स्थिर होऊ लागले आणि प्रशिक्षकाने सांगितलं, की मगच तारीख तपासून जुनं पीसीपी घ्यावं. स्प्रिंगचं पिस्तूल गंमत म्हणून, खेळण्यातलं लोखंडी छर्ऱ्यांचं मुळीच नको, आणि .२२ परवान्याशिवाय नाहीच. या क्रमाने गेलं तर पैसेही वाचतात आणि पोराचा हातही बिघडत नाही.