हजेरीचा दाखला : एडिनबर्गच्या वॉर्डापासून मुंबईच्या कामा रुग्णालयापर्यंत

१/ वैद्यकीय अथवा परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्यास एक नियम आरंभीच समजतो : अभ्यास कितीही पक्का असो, वॉर्डातील हजेरी भरली नाही तर परीक्षेस बसता येत नाही. हा नियम रुजला कसा आणि एकोणिसाव्या शतकात त्याचेच कुलूप कसे झाले, त्याची ही हकीकत.

२/ १८१५ साली ब्रिटिश संसदेने अ‍ॅपॉथिकरीज कायदा संमत केला. इंग्लंड व वेल्समध्ये औषधोपचाराचा व्यवसाय करण्यासाठी पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची झाली. परीक्षा घेणाऱ्या सोसायटी ऑफ अ‍ॅपॉथिकरीजने त्यात व्याख्यानांच्या उपस्थितीचे दाखले आणि सहा महिने रुग्णालयात शिकल्याचा पुरावा यांची भर घातली. हेतू रास्तच होता. ज्याने रोगी कधी पाहिला नाही, त्याच्या हाती कोण आपली नाडी देईल?

३/ मेख निराळीच होती. परीक्षा एका संस्थेची, पण दाखला देणार प्राध्यापक आणि वॉर्डात पाऊल ठेवू देणार रुग्णालयाचे व्यवस्थापक. त्यांनी नकार दिला की परीक्षेचा हक्क कागदावरच राहणार.

४/ एलिझाबेथ गॅरेट यांना हे प्रथम जाणवले. १८६० साली त्या लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात परिचारिका म्हणून शिरल्या आणि हळूहळू वर्गांना बसू लागल्या. पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांनी तक्रार केली व त्यांना बाहेर पडावे लागले. खाजगी शिकवणीतून एकेक दाखला जमवून १८६५ मध्ये त्यांनी सोसायटीचा परवाना मिळवला. त्यानंतर सोसायटीने नियम बदलला : खाजगी अभ्यासाचे दाखले चालणार नाहीत, मान्यताप्राप्त विद्यालयाचेच हवेत. अशा एकाही विद्यालयात स्त्रियांना प्रवेश नव्हता. ‘स्त्रियांना मनाई’ असे लिहिण्याचे कष्टही कोणास घ्यावे लागले नाहीत.

५/ १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांनी एडिनबर्ग विद्यापीठाचे दार ठोठावले. एकट्या स्त्रीसाठी वेगळी व्यवस्था शक्य नाही, असे उत्तर आले. त्यांनी सोबतिणी गोळा केल्या. ऑक्टोबरच्या प्रवेशपरीक्षेस १५२ उमेदवार बसले होते. पहिल्या सातांत चार स्त्रिया होत्या. त्यांचे वर्ग मात्र पुरुषांपासून वेगळे भरत.

६/ या वेगळेपणाचा खरा अर्थ १८७० च्या वसंतात उघड झाला. रसायनशास्त्रात एडिथ पीची यांचे गुण होप शिष्यवृत्तीस पात्र ठरणारे होते. परंतु त्या नेहमीच्या वर्गात शिकलेल्या नाहीत, असे कारण देऊन शिष्यवृत्ती त्यांच्याखालील पुरुषांना दिली गेली. त्याहून गंभीर बाब हजेरीची. प्राध्यापक क्रम ब्राउन यांनी स्त्रियांना नेहमीच्या दाखल्याऐवजी ‘स्त्रियांच्या वर्गास’ उपस्थित राहिल्याचा दाखला देऊ केला. पदवीच्या दृष्टीने तो निरुपयोगी होता. प्रकरण सिनेटपुढे गेले. शिष्यवृत्ती एका मताने नाकारली गेली आणि नेहमीचा दाखला एका मताने मंजूर झाला! शिष्यवृत्तीच्या अन्यायाचीच आठवण अधिक निघते. पण पुढची वाट मोकळी ठेवली ती दाखल्याच्या त्या एका मताने.

७/ १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेसाठी या विद्यार्थिनी सर्जन्स हॉलपाशी पोहोचल्या, तेव्हा शेकडोंचा जमाव वाट अडवून उभा होता. चिखलफेक झाली, फाटक तोंडावर बंद करण्यात आले. परीक्षा चालू असताना सभागृहात एक मेंढीही ढकलली गेली.

८/ दंगलीपेक्षा चिवट अडथळा होता तो एडिनबर्गच्या रॉयल इन्फर्मरीचा. तेथील वॉर्डात हजेरी नाही तर पदवी नाही, आणि व्यवस्थापक प्रवेश देईनात. संस्था देणगीदारांच्या वर्गणीवर चाले व व्यवस्थापक तेच निवडत, म्हणून हा वाद थेट निवडणुकीत गेला. १८७२ च्या अखेरीस मर्यादित प्रवेश मिळाला. तोवर उशीर झाला होता : १८७३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की स्त्रियांना पदवी देण्यास विद्यापीठ बांधील नाही.

९/ जेक्स-ब्लेक लंडनला गेल्या. १८७४ मध्ये तेथे स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय उघडले. व्याख्याने सुरू झाली, पण वॉर्ड कोठला? गॅरेट यांनी स्त्रियांसाठी काढलेले रुग्णालय आरंभी अवघ्या १० खाटांचे होते. परीक्षामंडळांना मोठे सर्वसाधारण रुग्णालय हवे होते. १८७६ च्या कायद्याने परीक्षामंडळांना स्त्रियांना परवाना देण्याची मुभा दिली, तरी हा प्रश्न उरलाच. १८७७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालय तयार झाले. तेथे पुरुष विद्यार्थी नव्हते, त्यामुळे भांडणही नव्हते. मात्र देणगीदार रागावून वर्गणी घटली तर तूट भरून देण्याची हमी विद्यालयाला द्यावी लागली. हजेरीचा हक्क असा रोख हमीवर मिळाला.

१०/ शिष्यवृत्ती हुकलेल्या एडिथ पीची यांनी बर्न येथे पदवी घेतली आणि १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईस आल्या. स्त्रिया व मुलांसाठीच्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली. दादाजी भिकाजी खटल्यामुळे देशभर गाजलेल्या रखमाबाईंना वैद्यकाकडे वळण्यास त्यांनीच प्रोत्साहन दिले.

११/ १८८९ मध्ये रखमाबाई जेक्स-ब्लेक यांनी स्थापिलेल्या त्याच लंडनच्या विद्यालयात दाखल झाल्या. रॉयल फ्रीच्या वॉर्डाचे दार आता विद्यार्थिनींसाठी नित्याचे झाले होते. १८९४ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांना पात्रता बहाल करणाऱ्या शहरांत ग्लासगो व ब्रुसेल्ससोबत एडिनबर्गही होते. पुढच्या वर्षी त्या सुरतेच्या रुग्णालयात रुजू झाल्या.