हवेची पाणपोई : अंतराळबंदराचा बाजार, सोपाऱ्यातून पाहिलेला

इतिहासाच्या व्याख्यानात अंतराळबंदराभोवतीची दुकाने कुठून आली, असे तुम्हाला वाटले असेल. पण आपण बसलो आहोत नालासोपाऱ्यात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात या गावाचे नाव 'सुप्पारा' असे येते. बंदराबद्दल बोलायचा हक्क या मातीला नसेल तर कोणाला असणार?

१९७४ साली जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' या कथेला मराठी विज्ञान परिषदेचे पारितोषिक मिळाले. तेव्हापासून आपण मराठीत अंतराळाच्या गोष्टी आवडीने वाचत आलो. त्यात आपण यान पाहतो, त्याचा वेग पाहतो. पण यान उतरल्यावर माणसे जेवली कुठे, कपडे कोणी धुतले, दाढी कोणी केली, हे सहसा विचारत नाही. आज तेवढेच विचारू, आणि उत्तर सोपाऱ्याकडे मागू.

सोपारा सांगतो ती पहिली गोष्ट म्हणजे बंदरात थांबावे लागते. शिडाची जहाजे नैऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर इकडे येत. परत जायचे तर वारा फिरायला हवा, म्हणजे काही महिने मुक्काम. आता मंगळाचे बघा. पृथ्वीवरून तिकडे निघायला सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले, ते अशीच वेळ साधून. उद्या माणसे जाऊ लागली आणि कोणाची ही वेळ हुकली, तर तो दोन वर्षे काय करील? त्याला महिनेवारीची खानावळ लागेल, धोबी लागेल, न्हावी लागेल, पैसे ठेवायला पेढी लागेल. बंदराभोवतीचा बाजार उभा राहतो तो जाणाऱ्यांइतकाच अडकून पडलेल्यांच्या जिवावर.

दुसरी गोष्ट नाशिकच्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्यात कोरलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात तिथे आपली दानधर्माची यादी देतो. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपले सोपारे, या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. बागा केल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. सहा नद्यांवर पैसे न घेता पार करणाऱ्या नावा ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व 'प्रपा' घातल्या. प्रपा म्हणजे आपली पाणपोई. सोपाऱ्याच्या रामतीर्थासह चार ठिकाणच्या फिरत्या साधूंच्या संघांना त्याने ३२,००० नारळाची झाडे दिली, ती वेगळीच.

ही यादी जरा सावकाश वाचा. एवढी मोठी बंदरे त्यात आहेत, पण धक्का नाही, गोदाम नाही, जकातीचे नाके नाही. ती सगळी असणारच, पण आपल्या नावावर पुण्य म्हणून कोरावे असे त्याला वाटले ते निवारा, पाणी आणि पलीकडे पोचवणे. अनोळखी माणसाला या तीन गोष्टी मिळतात, तेव्हा किनाऱ्याचे बंदर होते.

पण त्या नावा वल्हवल्या कोणी? पाणपोईवर पाणी कोणी भरले? त्यांची नावे लेखात नाहीत. इथे सोपाऱ्याचीच दुसरी शिळा बोलते. १९५६ साली भुईगावला सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. मंगलविधींपेक्षा धर्माचे आचरण मोठे, असे तो लेख सांगतो. आणि त्या आचरणात पहिल्यांदा काय येते, तर दासांशी आणि मजुरी करणाऱ्यांशी नीट वागणे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला. लोक त्या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे-टोपल्या विणणारा तो बुरूड. स्तूप विसरला गेला तरी बुरूड लोकांच्या तोंडी राहिला, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

आपल्या देशाच्या अंतराळबंदराची सुरुवातही अशीच साधी आहे. केरळमधले थुंबा हे मच्छीमारांचे गाव. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले रॉकेट उडाले. शास्त्रज्ञांचे कार्यालय होते सेंट मेरी मॅग्डालेन चर्चमध्ये, आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेत. म्हणजे सायकलचे पंक्चर काढणाराही अंतराळ बाजारातला दुकानदारच की!

आता खरा पेच. बंदर चंद्रावर असेल तर तिथे हवाही कोणीतरी तयार करणार, साठवणार, मोजणार. मोजली की विकता येते. ज्याचे पैसे संपले आणि यान मात्र अजून आले नाही, त्याचे काय करायचे? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, पण याहून अवघड प्रश्न क्वचित पाहिला. उषवदाताचे उत्तर साधे झाले असते: हवेची पाणपोई घाला. खानावळ पैसे घेऊन चालू दे, न्हावी पैसे घेऊ दे. पण ज्याच्यावाचून जीव जातो ते दुकानात ठेवायचे नाही. अंतराळबंदराची कल्पना करणाऱ्याने आधी ही रेघ ओढावी आणि मग दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात.

आणि हे फक्त चंद्रावरचे नाही, मंडळी. त्या सहा नद्यांत शेवटचे नाव आहे डाहनुका, म्हणजे आपल्या डहाणूची नदी. त्याच डहाणूजवळ, वाढवणला, सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तिथल्या मच्छीमारांचा त्याला जुना विरोध आहे. धक्का किती लांब, पाणी किती खोल, हे आपल्याला ऐकायला मिळते. आपण विचारायचे ते इतकेच: इथे आधीपासून नाव चालवणाऱ्याला या बंदरात जागा कुठली? बाहेरून येणारा मजूर राहणार कुठे, पाणी पिणार कुठे? एकोणीसशे वर्षांपूर्वी याच नदीच्या दोन्ही काठांवर पाणपोया होत्या. आपल्या बंदराच्या यादीत त्या आहेत का, ते आपणच बघायचे आहे.