अपघात आधी की मसुदा आधी?

क्रेन ऑपरेटरला प्रमाणपत्र का लागतं, यावर लिहिताना बरेच जण एकच साखळी जोडतात: १५ मार्च २००८ ला न्यूयॉर्कमध्ये टॉवर क्रेन कोसळली, ७ माणसं गेली, म्हणून २०१० मध्ये अमेरिकेत नवा नियम आला. वाचायला पटतं. पण तारखा लावून बघा.

मसुदा जुलै २००४ मध्येच तयार होता. ओशा या कामगार-सुरक्षेच्या केंद्रीय खात्याने मालक, युनियन आणि क्रेन बनवणारे यांना एकत्र बसवून तो करून घेतला होता. शिवाय तो अपघात क्रेन चालवण्यातल्या चुकीचा नव्हताच. क्रेनला इमारतीशी जखडणारी पोलादी कॉलर ज्या पॉलिएस्टरच्या पट्ट्यांवर टांगली होती, ते तुटले. मेलेल्यांत ऑपरेटरही होता. त्याचं प्रमाणपत्र तिथे काय करणार? अपघाताने फार तर रेंगाळलेल्या फायलीला धक्का दिला असेल, पण तेही वेगळं सिद्ध करावं लागेल.

माझ्या मते खरा इतिहास पुढे आहे. प्रमाणपत्राची मुदत २०१४ ची होती. ती २०१७ आणि मग २०१८ पर्यंत ढकलली गेली. भांडण असं: प्रमाणपत्र क्रेनच्या प्रकारापुरतं असावं, की ती किती टन उचलते त्यानुसारही? आणि लेखी, प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा पास झालेला माणूस समोरची हीच क्रेन चालवू शकेल, हे कोण सांगणार? नोव्हेंबर २०१८ च्या नियमाने टनांची अट काढली आणि काम बघून पारखायची जबाबदारी मालकावर टाकली, लेखी नोंदीसह. ती नोंद राहते मालकाकडेच. आता संशोधकाने ती मिळवायची कशी?