थंडी, श्वास आणि एक गिनीपिग

डिसेंबरातल्या पहाटे धामणगाव रेल्वेच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना आपण दोन प्राणी जरूर पाहावेत. पोत्यांच्या आडोशाला वेटोळे करून कुडकुडणारे कुत्रे आणि भिंतीच्या फटीत निपचित पडलेली पाल. गारठा दोघांना सारखाच. पण कुत्र्याच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो, पालीच्या शरीराला कमी. असे का?

‘श्वसन म्हणजे मंद ज्वलन’ असे आपण वर्गात सांगतो. त्यामागे एक प्रयोग आहे. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून त्याभोवती बर्फाचा आणखी एक थर होता. दहा तासांत आतला सुमारे १३ औंस बर्फ वितळला. तेवढ्या वेळात गिनीपिग जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, तितकाच कोळसा जाळून मिळवला तर किती बर्फ वितळेल? हिशेब आला साडेदहा औंसांच्या आसपास.

आकडे जवळ आले, पण जुळले नाहीत. आम्हाला या प्रयोगातली ही तफावतच अधिक बोलकी वाटते. शरीरात कार्बनबरोबर हायड्रोजनही जळतो, हे एक कारण. दुसरे असे, की श्वसन मोजले साध्या हवेत आणि उष्णता मोजली बर्फात! बर्फातल्या प्राण्याला अंगाची ऊब टिकवायला जास्त इंधन जाळावे लागते. जी थंडी केवळ मोजमापासाठी आणली होती, तिनेच मोजायची गोष्ट बदलली.

१७८८मध्ये क्रॉफर्डला गिनीपिग थंडीत जास्त प्राणवायू वापरतो असे आढळले. १७९०च्या सुमारास लाव्हाझिएने सहकारी सेगँ याच्यावरच प्रयोग केले. स्वस्थ बसलेल्या सेगँने उबदार हवेपेक्षा गार हवेत सुमारे एक-दशांश प्राणवायू जास्त घेतला. काम अर्धवटच राहिले. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला.

पालीकडे अशी शेगडीच नाही. तिचे शरीर हवेबरोबर थंड होते आणि पेशींतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. तापमान १० अंशांनी उतरले, की त्यांचा वेग साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. मासाही याच गोत्रातला. वर्गात काचेच्या बरणीत मासा असेल, तर हिवाळ्यात सकाळी आणि दुपारी त्याच्या कल्ल्यांवरची झाकणे मिनिटाला किती वेळा हलतात ते मुलांना मोजू द्यावे. बर्फ टाकू नये. वऱ्हाडातली पहाट आणि दुपार यांतला फरक पुरेसा असतो.