मिरची वाळली की बदलली? भौतिक आणि रासायनिक बदल असे ओळखा

नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरची वाळते, तेव्हा मुख्यतः तिच्यातलं पाणी उडून जातं. हा भौतिक बदल. पण जास्त ऊन लागून तिचा रंग उडाला, तर रंगद्रव्यांची ऑक्सिजनशी क्रिया झालेली असते, तो रासायनिक. एकाच पथारीवर दोन्ही! ‘बदल उलटवता येतो का’ ही शाळेतली खूण इथे फसवते, कारण वाळलेली मिरची भिजवून पुन्हा ताजी होत नाही. त्यापेक्षा नवा पदार्थ तयार झाला का, ते बघा.

फोनची बॅटरी फुगली? आत रासायनिक क्रियेने वायू तयार झालाय. दाबून बसवू नका, टोचू तर अजिबात नका. चार्जर काढा, फोन बंद करा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.